मोगॅम्बोच्या अड्ड्यात जेवण कोण बनवतं?

गेल्या शनिवारी माझा जुना रूममेट मुक्कामाला आला होता. बायको माहेरी, मी एकटा, त्यामुळे कार्यक्रम ठरलेलाच. किटलीत पाणी, दोन पाकिटं रामेन आणि लॅपटॉपवर जुना बाँडपट. लावला होता 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस', १९६७ चा. त्यात जपानमधल्या एका ज्वालामुखीच्या पोटात खलनायकाचा गुप्त अड्डा आहे. वर तळं वाटावं असं सरकतं झाकण, आत रॉकेट, मोनोरेल, पिरान्हा माशांचा हौद आणि केशरी, निळ्या कपड्यांतली शेकडो माणसं इकडून तिकडे लगबग करतायत.

रूममेट म्हणाला, "काय सेटअप आहे राव! असं ऑफिस पाहिजे."

मी म्हटलं, "ह्या सगळ्यांचं जेवण कोण बनवतं रे?"

तो हसला. मग लक्षात आलं की मी खरंच विचारतोय, आणि आमचं भांडण जुंपलं ते रात्री दोनपर्यंत. त्याचं म्हणणं, तू प्रत्येक गोष्टीचा किस काढतोस, मजा घालवतोस. माझं म्हणणं, हा एक प्रश्न तू कधीच विचारला नाहीस म्हणून तुझी (आणि माझी) आजची अवस्था झाली आहे. तो सकाळी निघून गेला, पण माझं बोलणं अर्धवट राहिलं. ते आता इथे पूर्ण करतो. म्हणणं सरळ आहे: खलनायकाचा अड्डा ही इंजिनिअरिंगमधली सगळ्यात फालतू कल्पना आहे, आपण तिच्या प्रेमात आहोत, आणि त्याच प्रेमापोटी आपण नूडल्सही चुकीचे निवडतो.

आधी अड्ड्याचा हिशोब करू. शनिवार आहे, वेळ आहे.

समजा अड्ड्यात ३०० माणसं आहेत. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे झाले ४०,५०० लिटर. दहा हजारी टँकर धरला तर रोज चार टँकर! आमच्या सोसायटीत मे महिन्यात दिवसाला दोन टँकर आले तरी शेजारच्या तिन्ही सोसायट्यांना कळतं, आणि वॉचमनकाका तर ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं तेसुद्धा सांगतात. आणि ह्यांचा अड्डा म्हणे गुप्त.

पुढे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. तीनशे माणसांचे झाले ३० किलोवॅट. ती नुसती बाहेर काढायला दीड टनाचे सहा एसी लागतील, त्यात रॉकेट, कॉम्प्युटर, दिवे काहीच धरलेलं नाही. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तर रोज दीड क्विंटल. वर भाजी, तेल, मीठ, गॅस. कचरा कुठे जातो? संडास कोण साफ करतं? पगार कुठल्या बँकेत जमा होतो? एखाद्याची दाढ दुखली तर?

ह्यातलं काहीही पडद्यावर दिसत नाही. 'शान' (१९८०) मधला शाकाल घ्या. बेटावर अड्डा, बटण दाबलं की माणूस खुर्चीसकट खाली पाण्यात. 'मिस्टर इंडिया' (१९८७) मध्ये मोगॅम्बोकडे ॲसिडचं कुंड, आणि साहेबांनी सांगितलं की शिपाई त्यात स्वतःहून उड्या टाकतात. प्रशिक्षित माणूस असा वाया घालवणारा मॅनेजर मी सिनेमाबाहेर पाहिलेला नाही (वेगळ्या पद्धतीने घालवणारे पाहिलेत, त्यावर येतोच). ॲसिडच्या कुंडासाठी बजेट मंजूर झालं, पण कँटीनचा एकही शॉट नाही.

गंमत म्हणजे ज्या पटकथेवरून आमचं भांडण झालं, ती लिहिणाऱ्या रोआल्ड डालला हे कळत होतं. बाँडला अड्ड्याचा माग कसा लागतो? चोरलेल्या कागदपत्रांतून. मालाची एक ऑर्डर, त्यात द्रवरूप ऑक्सिजन, आणि एका मालवाहू जहाजाचा फोटो. अब्जावधींचा ज्वालामुखी उघडा पडला तो खरेदी खात्याच्या एका कागदामुळे! सप्लाय चेन लपवता येत नाही. प्रॉडक्शन सपोर्टला काम केलेल्या कोणालाही विचारा.

तो सेट बांधला केन ॲडमने, लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत. खर्च सुमारे दहा लाख डॉलर, म्हणजे १९६२ चा पहिला बाँडपट 'डॉ. नो' जेवढ्यात अख्खा झाला, जवळपास तेवढा. सेट म्हणून तो अफाटच आहे, मला त्याबद्दल शंका नाही. ॲडमचं काम डोळे दिपवायचं होतं आणि त्याने ते चोख केलं. चूक आपली आहे. आपण सेटला घर समजतो. बाहेरून दाखवलेला तो ज्वालामुखी खरा आहे, क्यूशू बेटावरचा शिनमोएदाके. २०११ च्या जानेवारीत त्याचा मोठा उद्रेक झाला. ब्लोफेल्ड तोपर्यंत टिकला असता तर त्याच्या फॅसिलिटी मॅनेजरने पहिल्या दिवशी लिहिलेला ईमेल त्याला त्या सकाळी आठवला असता.

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, सोडा. पण सिनेमात राहत नाही ना हे. स्टॉकहोममध्ये पियोनेन नावाचं डेटा सेंटर आहे. शीतयुद्धातला अणुबंकर, तीसेक मीटर खडकाखाली, २००८ मध्ये नव्याने उघडला. वास्तुविशारदाने बाँडच्या खलनायकांचे अड्डे डोळ्यासमोर ठेवले होते हे तो मोकळेपणाने सांगतो. आत धबधबे, झाडं, कृत्रिम सूर्यप्रकाश, माशांची टाकी. त्याचे फोटो आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवलेत. पण ते सेंटर चालतं कशावर? वीज गेल्यावर सुरू होणाऱ्या पाणबुडीच्या डिझेल इंजिनांवर, आणि ती वेळच्या वेळी तपासणाऱ्या माणसांवर. त्या माणसांचा फोटो कोणी फॉरवर्ड केला?

आता दुसरा अड्डा दाखवतो. हासुद्धा जपानमध्येच, आणि खराखुरा.

१९५७ साली ओसाकाजवळच्या इकेदा गावात मोमोफुकु अँडो नावाचा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस कफल्लक झाला होता. तो ज्या पतसंस्थेचा प्रमुख होता ती बुडाली आणि राहतं घर सोडून सगळं गेलं. त्याने घराच्या परसात एक छोटी शेड बांधली. सामान म्हणजे नूडल्स पाडायचं जुनं यंत्र, एक मोठी कढई, पीठ, तेल. साधारण वर्षभर रोज तेच. नूडल्स टिकले पाहिजेत, गरम पाणी ओतलं की झटकन तयार झाले पाहिजेत, आणि चव पाहिजे. पीठ चिकटतंय, तुटतंय, वाळल्यावर पुन्हा भिजत नाही. उत्तर मिळालं ते बायको तेलात टेंपुरा तळत होती तेव्हा. तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक बारीक छिद्रं राहतात. नंतर त्याच छिद्रांतून गरम पाणी आत शिरतं. झालं! २५ ऑगस्ट १९५८ ला 'चिकन रामेन' बाजारात आलं. किंमत ३५ येन, म्हणजे ताज्या उदोनच्या सहापट. आज आपण ज्याला गरिबाचं खाणं म्हणतो ते सुरुवातीला चैनीचं होतं.

आता सांगा, ह्या दोनपैकी जग कोणी जिंकलं? एकाकडे ज्वालामुखी, मोनोरेल, पिरान्हा. दुसऱ्याकडे परसातली शेड आणि तेलाची कढई. आज जगात वर्षाला शंभर अब्जांहून जास्त इन्स्टंट नूडल्स खाल्ले जातात. आणि त्या शेडचं दार उघडलं की समोर घरच होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर आता नूडल्स. इथे माझं भांडण दोन टोळ्यांशी आहे.

पहिली टोळी म्हणते, असलं विष खायचंच कशाला, घरचं वरणभात खा. काका, मान्य. रात्री साडेअकराला बाणेरच्या किंवा बेलापूरच्या वन-बीएचकेत कुकर लावून देणारं कोणी असेल तर पत्ता द्या. ज्याला गरज आहे त्याला 'गरजच नको' असं सांगणं हा सल्ला होत नाही. दुसरी टोळी म्हणजे आपण. आपण सुपरमार्केटच्या रॅकसमोर उभे राहतो आणि पाकिटाचा पुढचा भाग बघतो. ड्रॅगन, ज्वाळा, वाफाळता बाऊल, अर्धं अंडं (जे आत नसतं), कोरियन अक्षरं. पाकिटाचा पुढचा भाग हा केन ॲडमचा सेट आहे. स्वयंपाकघर मागच्या बाजूला असतं, बारीक अक्षरांत. तर पाकीट उलटं करा आणि ह्या क्रमाने वाचा.

१. घटकांची यादी. वजनाने जे जास्त ते आधी, असा नियम आहे. पुढे 'आटा' किंवा 'ओट्स' लिहिलं असेल तर कंसातला टक्का बघा आणि मैदा कितव्या नंबरावर आहे ते बघा. 'भाज्यांसह' म्हणजे किती हेही तिथेच सापडतं. ते वाचून हसू येतं.

२. तळलेले की वाळवलेले. तळलेल्या नूडल्समध्ये साधारण १५ ते २० टक्के तेल असतं, बहुतेकदा पामतेल. ७० ग्रॅमच्या पाकिटात म्हणजे दहा ते चौदा ग्रॅम. गरम हवेवर वाळवलेल्यांत ते अगदी थोडं असतं. त्यांना शिजायला चार-पाच मिनिटं लागतात, पण दाताखाली ते जास्त चांगले लागतात. पाकिटावर 'नॉन-फ्राइड' किंवा 'एअर ड्राइड' लिहिलेलं असतं. नसेल तर पोषणाच्या तक्त्यात फॅटचा आकडा बघा, तो खोटं बोलत नाही. दोन मिनिटं वाचवण्यासाठी दहा ग्रॅम तेल हा सौदा मला पटत नाही.

३. सोडियम. सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलीग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. १२० ग्रॅमच्या मोठ्या कोरियन पाकिटांत एकाच वेळी १७००-१८०० मिलीग्रॅम सहज सापडतं. एका बाऊलमध्ये दिवसाचा कोटा जवळपास संपला. शिवाय आकडा दर १०० ग्रॅमचा आहे, एका सर्विंगचा की अख्ख्या पाकिटाचा, ते बघा. आपल्या क्षेत्रात युनिट न बघता आकडा वापरणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये उभा सोलतात, आणि इथे आपण तेच करतो.

४. एमएसजी. इथे उलट्या बाजूने सांगतो, घाबरू नका. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ती चव वेगळी काढली. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं आणि तिथून 'चायनीज खाल्लं की डोकं दुखतं' ही समजूत पसरली. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत, जेवणात असतं तेवढ्या प्रमाणात, ती टिकली नाही. एमएसजीत सोडियम सुमारे १२ टक्के असतं, साध्या मिठात ३९. 'नो ॲडेड एमएसजी' असं पुढे ठळक लिहायचं आणि मागे हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन घालायचं, ज्यात तेच ग्लुटामेट असतं, ही चलाखी मात्र ओळखा. आणि २०१५ ची मॅगीबंदी आठवत असेल तर तिचा शेवटही आठवा. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबरात पाकिटं परत दुकानात आली. आपण घाबरतो फॉरवर्ड वाचून, आणि विसरतोही फॉरवर्ड थांबले की.

५. तारीख आणि ठिपका. तळलेल्या नूडल्समधलं तेल जुनं झालं की खवट होतं. पाकीट फोडल्यावर जुन्या चिवड्यासारखा वास आला तर सरळ फेका. आयात पाकिटांवर आयातदाराचं स्टिकर असतं, ते वाचा. हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण ते बघा, कारण चित्रात फक्त मशरूम असले तरी सूपमध्ये मासळीचा किंवा डुकराचा अर्क असू शकतो.

६. तिखट. हा आपल्या पिढीचा रोग. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने कोरियन 'बुल्दाक'चे तीन प्रकार कॅप्सेसिन जास्त म्हणून परत मागवले, महिन्याभरात त्यातले दोन पुन्हा विकायला परवानगी दिली. आपल्याकडे बातमी येताच लोकांनी आनंदाने ऑर्डरी टाकल्या. तिखट खा, मीही कोल्हापूरकडचा आहे. पण तिखट ही चव आहे, पराक्रम नाही. ठेचा खाऊन आजवर कोणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं.

आणि निवडून आणल्यावर मसाल्याची पुडी अर्धीच घाला. एवढा एकच बदल केलात तरी वरच्या सगळ्या मुद्द्यांचं अर्धं काम होतं. अंडं फोडा, मूठभर कोबी किंवा पालक टाका, सूप तळापर्यंत पिऊ नका. उरलेली पुडी बटाट्याच्या काचऱ्यांवर मस्त लागते.

"पन्नास रुपयांच्या पाकिटासाठी एवढं?" रूममेटने शनिवारी हेच विचारलं. आता त्याचं उत्तर, आणि हा ह्या लेखाचा खरा भाग.

दोन वर्षांपूर्वी मी जिथे कामाला होतो (नाव सांगत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांना आपलंच वाटेल), ते ऑफिस म्हणजे शब्दशः अड्डा होता. काचेची इमारत, आत धबधबा, दिवसरात्र एकसारखा प्रकाश, स्वाइप केल्याशिवाय दार उघडत नाही. आणि पँट्रीत भिंतभर कप नूडल्स, फुकट, चोवीस तास. जॉइन झालो त्या दिवशी मी त्या भिंतीचा फोटो आईला पाठवला होता. तिचं उत्तर आलं, "जेवायला घरी येत नाहीस का मग?"

मी ते हसण्यावारी नेलं. पुढचे चौदा महिने आठवड्यातून चार-पाच रात्री मी ती भिंत खाल्ली. एका रात्री दोन कप. चव बदलायची म्हणून कधी लाल, कधी हिरवा. मागची बाजू एकदाही वाचली नाही. मग वार्षिक तपासणीत ब्लडप्रेशर निघालं १४८/९६. वय तेहतीस. डॉक्टरांनी मशीन बदलून पुन्हा बघितलं. मग विचारलं, "रात्री काय खाता? झोपता किती?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर देताना मला लाज वाटली. नुसत्या नूडल्समुळे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. झोप, ताण, बैठं काम, वडिलांकडून आलेली देणगी, सगळं आहे. पण त्या भिंतीने मला एक गोष्ट सोपी करून दिली होती: घरी न जाणं.

म्हणून मी आता स्पष्ट म्हणतो. रात्री अकराला ऑफिसात मिळणारे फुकट नूडल्स ही सुविधा नाही. तो पुरावा आहे की रात्री अकराला तुम्ही तिथे असणार हे कोणीतरी आधीच गृहीत धरून त्याचं बजेट मंजूर केलं आहे. मोगॅम्बोने कँटीन दाखवलं नाही. इथे कँटीन दाखवलं, पण कुंडात उडी आपण स्वतःहूनच मारली.

लगेच कोणी म्हणेल, तुझा तो अँडोसुद्धा वर्षभर रोज चारच तास झोपायचा, असं त्याच्या चरित्रात सांगतात. बरोबर. हा मुद्दा मला अडचणीचा आहे आणि मी तो टाळणार नाही. पण शेड त्याची होती, हट्ट त्याचा होता, फायदा झाला तोही त्याचाच. आणि दार घरात उघडत होतं. टेंपुरा तळणारी बायको दिसायला माणूस आधी स्वयंपाकघरात असावा लागतो! स्वाइप कार्डाच्या आत ती दिसली नसती.

बंद दाराबद्दल शेवटची एक गोष्ट सांगतो. ती हसण्यासारखी नाही, आणि आपल्या ऑफिसांची तिच्याशी बरोबरी मी करत नाही.

१९७१-७२ च्या हिवाळ्यात जपानमधल्या 'युनायटेड रेड आर्मी' नावाच्या गटातली तरुण मुलंमुली गुन्माच्या डोंगरांत लपून राहत होती. खराखुरा गुप्त अड्डा. थंडी, अपुरं अन्न, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. त्या बंद जागेत 'आत्मपरीक्षणा'च्या नावाखाली त्यांनी आपल्याच बारा साथीदारांचा छळ करून जीव घेतला. उरलेल्यांपैकी पाच जण फेब्रुवारी १९७२ मध्ये कारुइझावाजवळच्या आसामा-सान्सो ह्या लॉजमध्ये घुसले आणि तिथल्या व्यवस्थापकाच्या पत्नीला ओलीस धरून बसले. पोलिसांचा वेढा दहा दिवस चालला. दोन पोलिस आणि एक नागरिक मारले गेले. शेवटी ती बाई सुखरूप सुटली आणि पाचही जण पकडले गेले.

बाहेर बर्फात उभ्या पोलिसांचे जेवणाचे डबे गोठत होते. म्हणून त्यांना कप नूडल्स देण्यात आले. आदल्या वर्षी, सप्टेंबर १९७१ मध्ये, अँडोच्याच कंपनीने ते बाजारात आणले होते, पण १०० येन किंमत जास्त वाटून लोक घेत नव्हते. वेढ्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं. वाफाळते कप हातात धरून खाणारे पोलिस देशभर दिसले, आणि लोक विचारू लागले, हे काय खातायत?

मला त्या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. नूडल्स ही वाईट गोष्ट नाही. उणे तापमानात, कामावर असलेल्या माणसाच्या हातात तो गरम कप म्हणजे कोणीतरी त्याचा विचार केल्याची खूण होती. आणि दुसरी, ज्या जागेतून उठून घरी जाता येत नाही, जिथे बाहेरचं कोणी आत येऊन 'अरे हे काय चाललंय?' असं विचारू शकत नाही, ती जागा कितीही उदात्त किंवा चकचकीत असो, तिथली माणसं हळूहळू बिघडतात. मोगॅम्बोचे शिपाई कुंडात उडी का टाकतात ह्याचं उत्तर पटकथेत नसेल, पण इतिहासात आहे.

मी ती नोकरी सोडली. नवीन ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान, लिफ्ट कधी चालते कधी नाही. धबधबा नाही, पावसाळ्यात जिन्यात गळतं तेवढंच. पँट्रीत चहा आणि पारले-जी. सात वाजता वॉचमन वर येऊन "साहेब, कुलूप लावायचंय" म्हणतो. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आता ब्लडप्रेशर १२८ वर आहे, आणि दिवाळीला त्याला मिठाईचा डबा मी माझ्या खिशातून देतो.

नूडल्स मी अजूनही खातो. शनिवारी, घरी, वाळवलेले, अर्धी पुडी, वर अंडं. रूममेटलाही तेच दिले होते. "फिकं लागतंय रे," म्हणाला. पण बाऊल चाटूनपुसून संपवला, आणि सकाळी जाताना रिकामं पाकीट उचलून मागची बाजू वाचत दारात उभा राहिला.

"सोडियम किती असतं रे आमच्या पँट्रीतल्याला?"

म्हटलं, "सोमवारी बघ. आणि बघून झालं की घरी जा."